मेपलच्या पानांआड

प्रिय रॉइस,

“जिला दोन डबे एकमेकांशी बोलते करता येत नाहीत, ती संसार काय करणार!” चर्चच्या जेवणात, हातात बीन्सची ताटली घेऊन तू हे म्हणालास आणि अख्खं टेबल हसलं. त्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या गिल्मनांचं इंटरनेट बंद पडलं होतं. हवेतून इंटरनेट पोचवणारा एक डबा, म्हणजे वायरलेस ब्रिज, आपल्या छतावर, दुसरा त्यांच्या. शेवटचा स्क्रू मी पिळलेला, म्हणून खापर माझ्यावर. जागा मात्र तू ठरवली होतीस, भर हिवाळ्यात, झाडं बोडकी असताना. पालवी फुटली आणि मध्ये भिंत उभी राहिली. ओल्या पानांतून सिग्नल जात नाही, हे मला पुढे कळलं. तुला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तू हसत होतास.

घटस्फोटानंतर तू माझ्या छतावरचा ब्रिज काढून नेलास. “या खोऱ्यात इंटरनेट देणारा मी एकटा. बस आता अंधारात!”

मी बसले नाही. जुनं सामान पारखायला शिकले. ब्रिजची जोडी एकाच मॉडेलची घ्यायची. वायर खोचायची जागा गंजली असेल तर हात लावायचा नाही. वीज पुरवणारा ठोकळा सोबत नसेल तर स्वस्तातला माल महागात पडतो. आणि विकणाऱ्यासमोरच रीसेट करून बघायचं, नाहीतर जुन्या मालकाचा पासवर्ड आपल्या गळ्यात. घरातल्या वायफायला शाळेने काढून टाकलेले अ‍ॅक्सेस पॉइंट, खोलीभर वायफाय पसरवणारे डबे, छान चालतात. वाचनालयाने त्यांच्या इंटरनेटच्या जोडणीत वाटा दिला, आणि मीही खोऱ्यात इंटरनेट द्यायला लागले. सगळ्यात आधी गिल्मन आले, मग तुझी बाकीची गिऱ्हाइकं. प्रत्येक वेळी मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

एक जोडी भंगारवाल्याकडे मिळाली. चालू केली तर पडद्यावर नाव उमटलं, ‘ल्युसीलचं छत’. तूच दिलेलं, आपलं लग्न नवं असताना. मग केसांतली पिन काढली, रीसेटच्या भोकात घातली आणि नाव पुसलं जाईपर्यंत दाबून धरली.

ती जोडी मी तुझ्या आईसाठी राखून ठेवली आहे. व्हर्ना परवा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, “अगं, माझ्या लेकाचं इंटरनेट अगदी त्याच्यासारखंच. उन्हाळा लागला की बोलणं बंद! डॉक्टरीणबाई पडद्यावर तोंड उघडते आणि तशीच गोठते. मला तुझ्याकडे घे बाई.” मी होकार दिलाय. पण तिचं घर खोलगट जागेत. तिथे पोचायची सरळ रेषा तुझ्या अंगणावरून जाते, आणि मधोमध आपल्या लग्नाच्या दिवशी लावलेला मेपल उभा आहे. तुझाही सिग्नल तोच अडवतो. आईचा पडदा गोठला तरी तू त्याला कुऱ्हाड लावली नाहीस. का, ते मी विचारणार नाही.

डेनिसच्या शेतातल्या सायलोवरून, त्या उंच धान्यकोठीवरून, वळसा घालून व्हर्नाला जोडता येईल. तू नाही म्हणालास तर मी तेच करेन. तिला ताटकळत ठेवणार नाही. पण आधी तुला विचारते आहे, कारण मला ते झाड पडलेलं हवं आहे. कळ्या फुगल्या आहेत. पालवी फुटायच्या आत तो मेपल तोड, रॉइस. कुणाला बोलावू नकोस, तूच तोड.

तू तोडणार नाहीस, हे जाणून असलेली,
एकेकाळची तुझीच,
ल्युसील