पाचव्यांदा नवखी

प्रिय ताई,

आधी फक्त काय झालं ते लिहिते.

१. टीमप्रमुखाची जागा सोडत असल्याचं मी सोमवारी ऑफिसला कळवलं.
२. ऑफिसने ते मान्य केलं. मी कंपनी सोडलेली नाही.
३. एक तारखेपासून मी दुसऱ्या विभागात साध्या इंजिनिअरच्या जागेवर बसेन.
४. आईला फोनवर सांगितलं. ती रुसली आहे.
५. माझ्या जुन्या टीममध्ये सॉफ्टवेअरच्या चाचणीची एक जागा रिकामी आहे. तिच्याबद्दल शेवटी.

आमच्याकडे काही बंद पडलं की असंच लिहायची पद्धत आहे. आधी घडलेलं, विशेषणांशिवाय, कारणं नंतर. ही शिस्त मला नोकरीने लावली असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. खरं तर लहानपणी माझ्या हातून मिक्सर जळाला तेव्हा तू मला स्टुलावर बसवून म्हणाली होतीस, "रडायचं नंतर. आधी कुठलं बटण दाबलंस ते सांग." मी अजून त्याच क्रमाने चालते. रडायचं बहुधा राहूनच जातं.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले होते, तेव्हा भांडी विसळता विसळता, पाठ न वळवता तू म्हणालीस, "तू कुठच्या कुठे गेलीस गं. माझं ते सगळं आता शिळं झालं. सात वर्षांनी कोण दारात उभं करणार मला?" मी टॉवेल घेऊन कप पुसत राहिले. त्याचं उत्तर आता देते.

मी कुठच्या कुठे गेलेले नाही. तुला लांबून सरळ चढण दिसते, कारण तू फक्त बढतीच्या बातम्या ऐकल्यास. मधलं मी कुणाला सांगितलं नाही. सुरुवातीला चाचणीत होते तेव्हा माझं बरं चाललं होतं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर, आणि तू स्वतः चाचणीत नोकरी करायचीस तेव्हाची तुझी शिकवण: सगळे जे बटण दाबतील ते शेवटी, आधी चुकीचं दाब. दोन वर्षं लोकांच्या चुका काढल्या आणि स्वतःला फार शहाणी समजले. मग प्रोग्रॅम लिहायला बसवलं. माझ्या पहिल्याच प्रोग्रॅमने एका डॉक्टरला एकाच वेळी दोन पेशंट दिले. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी हे चहा संपायच्या आत पकडलं असतं. माझं होतं म्हणून चुकीचं बटण दाबायला माझा हातच गेला नाही. त्यानंतर मी माझं काम दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे पाठवलेलं नाही.

मग मदतकक्ष. दिवसभर कानाला फोन. पलीकडचं माणूस बोलायला लागलं की मला उत्तर सुचायचं आणि मी ते देऊन टाकायचे. एका दवाखान्याच्या रिसेप्शनिस्ट बाई रोज फोन करायच्या. एकदा शांतपणे म्हणाल्या, "उत्तर बरोबर असेल हो तुमचं. पण माझा प्रश्न अजून संपला नाहीये." तो संपल्यावर कळलं की मी भलत्याच बिघाडाचं उत्तर देत होते. तिथून मी ऐकायला शिकले. अजून मधेच जीभ वळवळते.

मग प्रमुख झाले. आईने माझं कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि तिच्या फिजिओथेरपिस्टला दाखवलं, तेव्हाची गोष्ट. टीममधल्या कुणाचं काम अर्धवट दिसलं की मी ते गुपचूप पूर्ण करून टाकायचे. मला वाटायचं, याला मदत म्हणतात. आमच्यात एकजण एसीच्या थंडीमुळे कायम लोकरी टोपी घालून बसतो, त्याला सगळे टोपीवाला म्हणतात. त्याला मी विचारलं, तुझं काम हल्ली असं अर्धं का येतं? तो म्हणाला, "मॅडम, पूर्ण केलं तर तुम्ही ते पुसून तुमच्या पद्धतीने करता. मग मी अर्ध्यावर थांबतो. दोघांचा वेळ वाचतो." कुजकटपणे नाही, अगदी हिशेबी आवाजात. मी हात मागे घेतला. काही आठवडे काम वाईट झालं, वरून बोलणीही खाल्ली. मग हळूहळू ते माझ्याविना नीट चालायला लागलं. प्रमुख म्हणून माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच.

तेव्हा हिशेब असा आहे, ताई. दर वेळी पहिले काही महिने त्या खोलीतली सगळ्यात अडाणी मीच होते, आणि आदल्या जागेवरचं कौतुक नव्या जागेवर कुणालाच ठाऊक नसायचं. तू जिला चढण समजतेस त्या चार सुरुवाती आहेत. आता पाचवी. नव्या विभागात मशीनला एक्स-रे वाचायला शिकवतात. मला त्यातलं काही येत नाही आणि शिकायचं आहे, एवढंच जागा सोडण्याचं कारण. माझा वरिष्ठ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. पहिल्या भेटीत मला ताई म्हणाला. मी म्हटलं, नावाने हाक मार, ताई काय असते ते तुला माहीत नाही.

शिळी होते ती माहिती. ती माझीही दर दोन वर्षांनी झाली. चुकीचं बटण आधी दाबणारा हात शिळा होत नाही. आईची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा डॉक्टर सांगतील ते तू मुकाट्याने केलं नाहीस, व्यायाम दिल्यावर "आणि हे नाही जमलं तर?" असं दर वेळी विचारलंस. आज ती काठी घेऊन जिना उतरते आणि भाजीवाल्याशी भांडते. तू त्याला नोकरी सोडणं म्हणतेस. मला ते त्याच कामासारखं दिसतं.

आईचं दुपारचं कोण बघेल, हे तू विचारणार, म्हणून आधीच विचारून ठेवलं. नव्या जागेवरून मला आठवड्यातले दोन दिवस तुझ्याकडे बसून काम करता येईल. उरलेल्या दिवसांचं भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "मला आजवर कुणी विचारलंच नाही. करतो की. फक्त तुझ्या ताईला सांग, माझ्या आमटीबद्दलचा तक्रार विभाग बंद ठेव." आईला सांगितलं तर म्हणाली, "मी काय पार्सल आहे का, माझी सोपवासोपवी चाललीय ती?" मग म्हणाली, "तिला जाऊ दे. मला सारखी उठवत बसते." हे आम्ही तिघांनी तुझ्यापासून लपवून ठरवलं, ते मी आता फोडते आहे.

सात वर्षांपूर्वी घरी कोण थांबणार, हे तुला कुणी विचारलं नव्हतं. ते गृहीत धरलं गेलं. आता विचारते आहे. चाचणीच्या त्या जागेसाठी एक दिवस टीमसोबत बसून काम करून दाखवायचं असतं. निवड टोपीवाला करतो. मधल्या वर्षांबद्दल तो विचारेल, खरं ते सांग. मी प्रमुख असताना तुझं नाव पुढे करणं गैर झालं असतं. निवडलं असतं तरी ते तुझं राहिलं नसतं. एक तारखेपासून त्या टीमवर माझा कसलाही अधिकार नाही, आणि निवड तीन तारखेला आहे. विभाग मी माझ्यासाठी बदलला. तारीख तुझ्यासाठी निवडली. अर्ज शुक्रवारी बंद होतात. गुरुवार संध्याकाळपर्यंत मला उत्तर कळव, हो किंवा नाही. "बघते" धरलं जाणार नाही.

तुझीच,
धाकटी