पतंग माझा, गोळ्या तिच्या

४ जून
संग्रहालयातल्या जुन्या कपाटात, तळाच्या पेटीत टाचणीला टोचलेला एक पतंग सापडला. उष्ण प्रदेशातला. हिरवा-निळा, मागे केशरी झालर. खाली नाव नाही. म्हणजे नवी जात. म्हणजे जातीला माझंच नाव! साहेब म्हणाले, जो ओळखेल तो पुढचा विभागप्रमुख. शेजारच्या टेबलावरच्या बाईने लगेच विचारलं, जरा बघू का? बघू कशाला?

५ जून
बाईने पेटीत डांबरगोळ्या टाकल्या. त्या वासाने मला शिंका येतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. कीड लागते म्हणे. इतकी वर्षं नाही लागली, ती आताच लागणार? गोळ्या फेकल्या. फेकताना झाकणाची कड निखळली. तिच्यामुळेच. आजपासून हिचं नाव डांबरबाई.

९ जून
पेटी माझ्या ड्रॉवरमध्ये. बिस्किटंही तिथेच. कुलूप. डांबरबाईला पतंगाचा एक फोटो हवाय. बोट दिलं की हात धरणारी बाई! नाही म्हणालो.
संकल्प: आठवड्यात पेपर तयार.

२ जुलै
पेपरचं शीर्षक लिहिलं. आडनाव लॅटिनमध्ये फारच भारदस्त दिसतं.

१५ जुलै
सर्दी. कोणामुळे, ते लिहायला नको. बायकोला विभागप्रमुखपदाची बातमी दिली. म्हणाली, आधी पतंग तर ओळखा. घरातच वैरी!

८ ऑगस्ट
डांबरबाईने विचारलं, पेटी एकदा तरी उघडलीत का? म्हटलं, पतंग आहे तो, दूध नाही उतू जायला. ड्रॉवरमध्ये तपकिरी भुगा दिसतो. बिस्किटांचाच असणार.

२० ऑगस्ट
उद्या साहेबांपुढे प्रेझेंटेशन. भाषण तोंडपाठ. विभागप्रमुखाच्या केबिनमध्ये माझं टेबल खिडकीपाशी. डांबरबाईला जिन्याखालची खोली. बसू दे तिथे.

२१ ऑगस्ट, दुपार
पेटी उघडली. आत टाचणी. टाचणीखाली भुगा. भुग्यात एक केसाळ अळी, चांगली गुबगुबीत.
मी म्हणालो, घातपात! डांबरबाईच्या डोळ्यांत पाणी. एका किड्यासाठी! नाटकं नुसती.
साहेबांनी विचारलं, निदान ही अळी कसली ते तरी सांगता का? म्हणालो, निरीक्षण चालू आहे, आठवड्यात पेपर देतो. डांबरबाईने नाक पुसत पुसत एका नजरेत ओळखली. जात, कूळ, सवयी, सगळं.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
सामान हलवलं. डांबरबाई नव्या केबिनमधून खाली आली आणि गोळ्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, जिन्याखाली कीड फार आहे.
घेतल्या. शिंका येताहेत.