पार्बताबाईचं लाकूड

माघ शुद्ध ५, शके १७८६. अमरावती.
अखेर पोचलो! साताऱ्याहून इथवर बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण मुक्कामावर गरम भाकरी आणि ठेचा मिळाला आणि सगळा शीण गेला. कापसाचे गठ्ठे दाबायच्या नव्या वाफेच्या कारखान्यात मी जळणाचा कारकून. आजवर हे काम माणसं आणि बैल करत. मालक वामनराव म्हणतात, एक बॉयलर चाळीस बैलांना भारी. बैल कडबा खातो, हा बाभळीचं लाकूड खातो, एवढाच फरक.

माघ शुद्ध ११.
खातो म्हणजे किती! रोज सहा गाड्या. कोळसा मुंबईहून निघालाय म्हणे, कुठं रुतलाय देव जाणे. इथं जो तो रान मोडून कापूस पेरतोय, बाभळी उरणार कुठून? वामनराव डाफरले, लाकूड आण नाहीतर साताऱ्याची वाट धर. मी काय लाकूड प्रसवू?

माघ शुद्ध १४.
नाल्याकाठी भाजीचा मळा करणारी पार्बताबाई माळीण. मागंपुढं कुणी नाही, म्हणून म्हातारीनं स्वतःच्या सरणासाठी बाभळीचे ओंडके रचून ठेवलेले. चांगले वाळलेले. ती पाया पडली तरी मी ते उचलून आणवले. भट्टीवाला सहदेव हात लावीना. सरणासाठी ठेवलेलं लाकूड इकडे कुणी चुलीतही घालत नाही म्हणाला. मी संतापलो. लाकूड ते लाकूड! हातहात लांबीचे तुकडे करवले आणि स्वतः भट्टीत टाकले.

पार्बताबाई दारात उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "ते सरन हाय, बाप्पा. मानूस घेतल्याबिगर इझत नाई."

माघ वद्य २.
तीन दिवस भट्टीत काडी घातली नाही. तरी वाफेचा काटा खाली उतरत नाही. वामनराव खूश, फुकटची वाफ! मूर्ख माणूस. पाणी ओतलं, तरी आग तशीच.

माघ वद्य ४.
सहदेव लांब दांड्याचं फावडं घालून राख ओढायला गेला. राख नाहीच. उलट आतूनच कुणी दांडा ओढला, त्याच्यासकट. मी कमरेला मिठी घातली म्हणून वाचला. हात कोपरापर्यंत भाजलाय. वामनराव म्हणतात, हंगाम आहे, काम चालू ठेवा. त्यांच्या कानाखाली जाळ काढणार होतो. पण लाकूड कुणी घातलं? मीच. मीच, करंट्यानं.

माघ वद्य ५. दुपार.
आग विझेना, आता बॉयलर फुटणार म्हणून सगळे पळाले. वामनराव घोड्यावर बसून अकोल्याला — थू त्यांच्या जिनगानीवर.
पार्बताबाई आली. धुतलेलं लुगडं नेसून. माझं लाकूड, मीच जाते म्हणाली. असा भडकलो! दंडाला धरून बाहेर काढली, आतून कडी घातली. तिनं का जावं? बाहेरून दार ठोठावतेय. ठोठावू दे.

थोड्या वेळानं.
भट्टीचं दार उघडलं — मी हात लावला नाही —
तुकडे केले होते. आत ओंडके अख्खे आहेत. नीट रचलेले.
म्हातारी बुटकी. हे सरण लांब आहे. तिच्या मापाचं नाही, हे माझ्या —