पंधरावी गाडी

६ जानेवारी २००७, शनिवार
दारव्ह्याहून जीपनं यवतमाळ. मागच्या बाकावर पाचवा, गुडघे हनुवटीला. अभ्यासकेंद्रावर पोचलो तेव्हा तास सुरू झालेला. विषय प्रगत डेटाबेस, शिकवायला प्रवीण. अकरावीला माझ्याकडे बुककीपिंगला होता, जमा आणि नावे हटकून उलटे करायचा.
दारात उभा राहून म्हणालो, "आत येऊ का सर?"
"या ना सर."
वर्ग हसला. एकतीस जणांत वाचताना चष्मा कपाळावर ढकलणारा मी एकटाच. वय शेहेचाळीस.

७ जाने.
कायले शिकून राह्यलो, ते लिहून ठेवलेलं बरं. मधेच विसरायला होतं. कापसाचा भाव पडल्यापासून घराघरात आधी कॉलेज सुटतं, मग बाकीचं. आमच्या कॉमर्सला पोरं उरली नाहीत. एक मास्तर अतिरिक्त ठरणार, मी किंवा गावंडे. प्राचार्य म्हणाले, "संगणकाची पदवी आणा, नवा कोर्स तुमच्याकडे." मुदत पंधरा जून. नाहीतर वणीच्या पलीकडे, जागा असेल तिथे.
नंदा म्हणाली, "तिकडं मी येनार नाही. कोळसा पुसायले दोन बाया लागतात."
हा शेवटचा विषय राहिलाय. म्हणजे ही शेवटची जीप. आशा.

१४ जाने.
आज परंपरा कळली. प्रॅक्टिकलची जर्नल कोणी करत नाही, उतरवतात. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पहिल्या बॅचची मूळ जर्नल आहे, पाच वर्षांपासून. प्रश्न, आज्ञा, उत्तर, सगळं त्यातून हातानं टिपायचं. संगणकाला त्रास नाही. लाइन तशीही साडेअकराला जाते ती आपल्याला घालवूनच येते.
शेजारच्या बाकावरची दिग्रसची वैशाली म्हणाली, "काका, तुम्ही खरंच चालवून पाह्यता का?"
म्हटलं, सवय वाईट.
साडेअकराच्या आत नऊ नंबरचा प्रयोग चालवला. कापूस खरेदी केंद्रावरची बैलगाड्यांची रांग. पंधरा गाड्या भरायच्या, पक्क्या करायच्या, म्हणजे यंत्रात कायमच्या नोंदवायच्या, सोळावी भरताना वीज तोडायची. पुन्हा सुरू केल्यावर किती उरल्या? माझ्या पंधरा उरल्या. मूळ जर्नलीत चौदा.

२० जाने.
पुन्हा चालवला. पंधराच. मूळ पान नीट पाहिलं. वर आज्ञा पंधरा, खाली उत्तरात गाड्या चौदा. एकाच पानावर, वीतभर अंतरानं. पाच बॅचेस, पाच बाहेरचे परीक्षक, कोणी मोजलं नाही. शेवटची आज्ञा: महादेव, मु. बाभुळगावजवळ. तो खाली नाही.
प्रवीणनं आज डेडलॉक शिकवला. छान शिकवतो, कबूल करायला जड गेलं. म्हणाला, अरुंद पांधणीत समोरासमोर दोन गाड्या, कोणीच मागं घेत नाही. मग यंत्र एकाला बळी देतं.
"कोणाले, सर?" वैशाली.
"ज्याचं काम कमी झालं असन त्याले."
माझं किती झालंय, विचारावंसं वाटलं.

२१ जाने.
तास सुटल्यावर पान दाखवलं. प्रवीणनं पाहिलंच नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं.
"सर, चौदाच लिहा."
"यंत्र पंधरा म्हणते."
"यंत्राची सही नाही लागत जर्नलवर. माही लागते." मग जरा नरमून, "बाकी तीस जर्नली तपासून झाल्या, सर. तुमची एकच येगळी दिसली तं बाहेरचा परीक्षक मले विचारन. मी अजून तासावर हाओ."
पक्का नाही बिचारा. मीही कुठे आहे. पांधणीत दोघं.

२७ जाने.
तास नाही. घरीच. नंदाला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. "एक गाडी कमी लिहून तुमचं काय जाते?"
जन्मभर गावाला टोमणे मारत आलो, आता गावानं एकच साधा प्रश्न विचारला तर तोंड बंद. सरळ चौदा लिहावं. लिहायला बसलो. तेरापर्यंत लिहिलं, मग चहा घेतला, मग बाजार…

३ फेब्रुवारी
लाइन गेलेली. प्रवीण आणि मी गेटबाहेर टपरीवर. म्हटलं, "हा महादेव कोण?"
चहा संपवून बोलला. "बाबा."
पहिल्या बॅचला तो स्वतःच होता. मूळ जर्नल त्याची. बाबांसोबत तीन दिवस रांगेत काढून आला, आणि सरांनी काहीही भरा म्हटल्यावर रांगच भरली, गावातल्या गाड्या, उभ्या होत्या त्या क्रमानं. चौदा पक्क्या केल्या. पंधरावी भरली अन् लाइन गेली.
"दुसऱ्या दिवशी छापलं तं चौदाच. आज्ञा हातानं लिहिल्या, त्या पंधरा लिहिल्या. सरांनी सही केली. मीबी मनलं, जाऊ द्या."
"आणि केंद्रावर?"
"आमचा नंबर आला अन् खरेदी बंद. बाबानं गाडी वापस नेली. घरी हे छापलेलं सांगतलं तं बाबा मनते, कम्पुटरलेबी आपलीच गाडी दिसली नाही का रे."
हसला. मीही हसलो. टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत, सुटे नव्हते म्हणून.

४ फेब्रु.
पंधरा लिहिल्या. शाईनं.

१० फेब्रु.
प्रवीणला जर्नल दिली. त्यानं पानं उलटली, आठपर्यंत सही, नऊवर पेन थांबलं.
"सर, हे खरं मनलं तं बाकीच्या तीस खोट्या."
"उतरवल्या तेव्हा खऱ्या होत्या?"
"तुम्ही अकरावीतबी असंच बोलायचे. म्हून पोरं मागं बसायचे." जर्नल बंद केली. "ठिवून जा."
सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. जीपनं परत. रस्त्यावर ट्रकमधून उडालेला कापूस बाभळींना लटकलेला, कोणी वेचत नाही.

१८ फेब्रु.
प्रॅक्टिकल. टेबलावर जर्नलींचा ढीग, माझी त्यात. उघडली. नऊवर सही आहे. तारीख दहा फेब्रुवारीचीच. म्हणजे मी जिना उतरत असतानाच केली.
परीक्षक अमरावतीचे, घाईचे. गठ्ठा वजनावर तपासत होते. माझ्या नऊवर नेमके थांबले. "सगळ्यांच्या चौदा, तुमच्या पंधरा कशा?"
मी तोंड उघडायच्या आत मागून प्रवीण, "त्याहीचं बरोबर हाय, सर. बाकीच्यात चूक आहे. चूक माही आहे. चालवून पाहा."
परीक्षकांनी बटण दाबलं.
लाइन नव्हती.
दहा मिनिटं वाट पाहिली. त्यांना गाडी गाठायची होती. शेरा लिहिला: पडताळणी बाकी. गेले.
प्रवीणला म्हटलं, "का केलंस?" या वर्गात पहिल्यांदाच अरेतुरे गेलं.
"बाबानं इचारलं होतं, तुह्या त्या मास्तरची गाडी पोचली का मनून."

२ जून
निकाल लागला. माझा राखून ठेवला. बाकी तीस पास, चौदा गाड्यांसकट. अभ्यासकेंद्र म्हणतं विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणतं केंद्रानं पडताळणी पाठवावी. प्रवीणनं दोनदा पत्र पाठवलं. त्याला पुढच्या वर्षीचे तास दिलेत की नाही, त्यालाच माहीत नाही. गावंडे भेटला, फार प्रेमानं बोलला. मुदतीला तेरा दिवस उरले. नंदानं ट्रंका पुसल्यात, उगाच, म्हणते.

३ जून
अभ्यासकेंद्रावर कागद विचारायला गेलो. नाही आले. परत निघालो तर गेटशी नव्या बॅचमधली एक पोरगी. झेरॉक्सवाल्यानं मूळ जर्नल ठेवणं बंद केलंय. प्रवीण येऊन घेऊन गेला म्हणे.
"सर, तुमची जर्नल देता का? उतरवून वापस देतो."
पिशवीतच होती. दिली. म्हटलं, उतरव, पण नऊ नंबर एकदा चालवून पाहशील.
तिनं पान काढलं, बोट लावून गाड्या मोजल्या, वर पाहिलं.
"पाह्यतो ना. लाइन असली तं."