हिरव्या चपला

बाबा,

मी कामावर निघालेय. म्हाताऱ्या मांजरीला सलाइन दिलंय, तिला न्हाणीघरातच राहू द्या. तिथल्या हिरव्या चपला बाहेर आणायच्या नाहीत, विषाणू तळव्यांवरूनही पसरतो, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. रविवारी तुम्ही तिला तासभर मांडीवर घेऊन बसलात आणि त्याच चपलांनी पिल्लांच्या खोलीत गेलात. मी पाहिलं, पण तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आज पिल्लांची वाटी जशीच्या तशी आहे. चौघंही पाण्याच्या भांड्यापाशी माना टाकून बसलीत, पीत कुणीच नाही.

डॉक्टर दहाला येतील. त्यांना दोन्ही खोल्या दाखवा. चपला बदलायची आता गरज नाही.