डावी किडनी सोडून बाकी सर्व

मी, खाली सही करणारी, मूत्ररोगांची निवृत्त सर्जन आणि किडनी प्रत्यारोपणाची संशोधक, हृदय कुरकुरत असलं तरी डोकं ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची प्राज्ञाही नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः रागाच्या भरात लिहिलेलं.

१. घराचा खालचा मजला, जो माझ्या मालकीचा आहे, तो माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला मिळावा. तिने भिंती पाडाव्यात, रंग बदलावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त दुसरा संडास पाडून तिथे कपाट करू नये. जन्मभर मी अडलेली माणसं पाहिली आहेत. एका घरात दोन संडास ही चैन नव्हे.

२. बँकेतली शिल्लक माझ्या जुन्या प्रयोगशाळेला द्यावी. काढलेली किडनी बर्फात जास्त वेळ कशी टिकेल, या एका प्रश्नापायी माझे केस पिकले. उत्तर थोडंफार मिळालं; उरलेलं तरुणांनी शोधावं, आणि माझा पुतळा-बितळा उभारू नये. माझी बर्फाची पेटी तिथल्या मदतनिसाला द्यावी. तो तीत सरबताच्या बाटल्या गार करायचा आणि बाईंना पत्ता नाही असं समजायचा. बाईंना सगळा पत्ता होता. उन्हाळ्यात त्यातलंच सरबत मीही प्यायचे.

३. ऑपरेशनची माझी हत्यारं माझ्या वर्गमित्राला द्यावीत. हाच तो, जो म्हणाला होता, "बाई मूत्ररोगात शिरली तर पेशंट लाजून पळतील." एकही पळाला नाही. लघवी अडलेला माणूस लाजत नाही, पाया पडतो. पुढे दादाला किडनी द्यायची वेळ आली. स्वतःचं पोट स्वतः कापता येईना, म्हणून नाइलाजाने याच्याकडेच गेले. काम चोख केलं, टाके मात्र वाकडे घातले. या हत्यारांवर त्याने सराव करावा.

४. आता मुद्द्याचं. माझी डावी किडनी दादाच्या पोटात झकास चालली आहे, पण दादा माझ्याशी बोलत नाही. झालं असं, की निरोप समारंभाच्या भाषणात मी पडद्यावर त्या किडनीचं चित्र दाखवलं आणि त्याखाली, आम्हा संशोधकांच्या सवयीने, लिहिलं: 'वक्त्यांच्या वैयक्तिक संग्रहातून'. दादा नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता. सभागृह खो खो हसलं. तो तडक उठून गेला.

घरी म्हणाला, "मी काय तुझी बरणी आहे? किडनी माझी आहे."

मी तरी कुठे कमी? म्हटलं, "माझी आहे. तुझ्याकडे ठेवायला दिली आहे."

तेव्हापासून तो वरच्या मजल्यावर, मी खाली, आणि मधे बिचारी वहिनी. रोज सकाळी मी जिन्यातून ओरडते, "वहिनी, त्याला लघवी झाली का? गोळ्या घेतल्या का?" वरून वहिनी सांगते, "हो म्हणतायत!" शेजारीपाजारी कान टवकारतात ते वेगळंच. खरं सांगते, मला त्याच्या आवाजाची फार आठवण येते. मरायच्या आधी दादाने एकदा समोर बसून माझ्याशी बोलावं, एवढीच माझी इच्छा उरली आहे.

त्याच्या नावे काय ठेवावं, असं वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करू नये."

"मग दादाला काहीएक देऊ नका," मी म्हटलं. "साक्षीदार तोच!"

साक्षीदाराला सहीच्या वेळी यावंच लागतं. कायद्याचं भलं होवो.

५. सदर किडनीवर माझा कोणताही हक्क, दावा वा मालकी नाही. ती दादाची आहे.

स्थळ: जिन्याखालची माझी खोली.
दिनांक: आजचाच, वकिलांनी वर घातला आहे.
सही: धाकटी बहीण

साक्षीदार पहिला, वकील: बाईंनी माझ्यासमोर सही केली. डोळे पुसले, ते लिहू नका म्हणाल्या.

साक्षीदार दुसरा, थोरला भाऊ: सही माझ्यासमोर झाली. कलम पाच मला मान्य नाही. किडनी दोघांची आहे. लघवी झाली, गोळ्या घेतल्या. उद्यापासून जिन्यात ओरडू नकोस, मीच खाली येऊन सांगत जाईन.