ओटी झाड म्हटलं मी

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

आज माह्या नातीचा बाप्तिस्मा झाला. डोक्यावर पाणी पडलं तशी अशी किंचाळली का पाळकसाहेबाले हसू आलं! नाक माह्यावरच गेलं पोरीचं. पण जीव थाऱ्यावर नाई.

उपदेशात साहेब म्हणाले, ख्रिस्तात आला तो नवा माणूस झाला, जुनं त्याच्या नावावर राह्यलं नाई. सगळ्यात मोठ्यानं आमेन मीच म्हटलं.

मग घरी जेवणं झाली. जाम गावची सुभद्रा पोरीले मांडीवर घेऊन बसली होती. ती अवंदाच बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली. आधी आमच्या वावरात कापूस वेचाले येत होती, अन् लुगड्यात कापूस लपवताना मीच तिले धरलं होतं. पोरीच्या पायातला चांदीचा वाळा दिसेना, तशी मी सगळ्या पाहुण्यांपुढं म्हटलं, "सुभद्रे, ओटी झाड!" सांजच्याले कापूस लपवला का पाहाले वेचणाऱ्या बायांले म्हणतो, तसंच. काऊन म्हटलं मी?

ती उठली, ओटी झाडली. घरच्या लेकरासाठी कागदात बांधलेला अर्धा पेढा पडला. वाळा सुनेले दुपट्यात सापडला.

मी म्हटलं, "बाई, सवयीनं निघालं तोंडातून."

"आजी, माही सवय गेली. तुमचीबी जाईन." चिडून नाई, समजावून बोलली. पोरीचा मुका घेतला अन् यष्टीनं गेली.

शिवी दिली असती तं बरं झालं असतं. ओटी झाड म्हणे! मी सगळ्यांपुढं बोलली, तं माफीबी सगळ्यांपुढंच मागा लागन. येत्या रविवारी उपासनेच्या वेळी देवळात उभी राहीन.

प्रभू, ती येवो फक्त.